इतिहासाच्या मॅडमचा सेवापूर्ती सोहळा: मानपत्र आधी, हॉल नंतर

मॅडम मे अखेरीला निवृत्त होणार असतील तर मार्चमध्येच कामाला लागा. परीक्षा सुरू झाल्या की कुणी हाती लागत नाही. आमच्या मॅडमच्या वेळी सगळं माझ्याकडे होतं. मी आधी मानपत्र हाती घेतलं.

'ज्ञानदानाचं पवित्र कार्य' हे वाक्य कुणालाही चालतं, म्हणून ते नकोच. त्यापूर्वी एका सरांच्या मानपत्रात त्यांचा विषयसुद्धा लिहिलेला नव्हता. मला फार वाईट वाटलं होतं. माजी विद्यार्थ्यांना एकेक करून फोन करा (ग्रुपवर टाकलं की नुसते जोडलेले हात येतात) आणि विचारा, मॅडमनी शिकवलेलं काय आठवतं? आमच्यातल्या बहुतेकांनी हत्तरसंग-कुडल सांगितलं. सोलापूरजवळ भीमा-सीनेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा कोरलेला मराठी लेख आहे. मॅडम टॉर्च समोरून धरू द्यायच्या नाहीत, बाजूनं तिरका धरायला लावायच्या. खाचांत सावली भरते आणि अक्षर उठून दिसतं. मग म्हणायच्या, "आता तुम्ही वाचा." वाचेल तो विजयी होईल, असं त्या लेखातच आहे. मानपत्राचा पहिला परिच्छेद आम्ही त्या टॉर्चवर लिहिला.

मॅडमचं संशोधन गोळा करायचं काम किचकट. लेख मासिकांत, स्मरणिकांत विखुरलेले असतात. घरच्यांना विश्वासात घ्या, झेरॉक्स काढा, सालवार लावा, सूची जोडा, बाइंडिंग करा. एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात हवीच. मॅडमनी मिल कामगारांच्या मुलाखती कॅसेटवर घेतल्या होत्या, काही तेलुगूत, काही कन्नडमध्ये. हार-तुऱ्यांचे पैसे वाचवून आम्ही त्या संगणकावर उतरवून घेतल्या. फुलं संध्याकाळी सुकतात, हे आवाज पुन्हा मिळायचे नाहीत.

समाजकार्याबद्दल व्यासपीठावरून प्राध्यापकांनी बोलू नये, ज्यांच्यात ते झालं त्यांना बोलवा. दर १२ जानेवारीला मॅडम सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली मुलं घेऊन हुतात्मा चौकात जायच्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या स्वातंत्र्यसैनिकांना १९३१ साली याच दिवशी येरवड्यात फाशी दिली. चौघांची नावं पाठ म्हटल्याशिवाय मुलांना हार घालता यायचा नाही. त्यातलाच एक मुलगा, आता यंत्रमागावर असतो, तो सोहळ्यात बोलला. दोनच मिनिटं.

जेवणात कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवा, बाकी केटरर बघेल. भाषणं चारच. मॅडमना मात्र घड्याळ दाखवू नका.

आमच्या मॅडमनी मानपत्र हातात घेतलं, पहिला परिच्छेद पुन्हा वाचला आणि मला विचारलं, "टॉर्च तुझाच होता ना?"

माझाच होता. वडिलांचा, मिलच्या रात्रपाळीचा.