दात नसलेल्या तोंडाची निगा: घरातल्या वडीलधाऱ्यांची कवळी कशी सांभाळावी

आमच्या आत्याच्या टाळूवर लाल चट्टा सापडला, तेव्हा ती सात वर्षं कवळी वापरत होती. दुखत नव्हतं, म्हणून तिनं कधी सांगितलं नाही. दातांच्या डॉक्टरांनी वरची कवळी काढायला लावली आणि तोंडात टॉर्च मारला. कवळी जिथं जिथं टेकते तेवढाच भाग लालभडक, बाकीची टाळू स्वच्छ गुलाबी. डॉक्टरांनी एकच विचारलं, "रात्री काढून ठेवता का?" आत्या गप्प बसली.

दातच उरले नाहीत, आता तोंडाला काय धाड भरणार, असं आपण सगळेच धरून चालतो. आम्हीही तेच केलं. गोळ्यांच्या वेळा पाळल्या, साखर तपासली, चष्म्याचा नंबर बदलून आणला, पण सात वर्षांत तिच्या तोंडात एकदाही डोकावलो नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. यातलं निम्मं काम ज्यांना कवळी आहे त्यांचं आणि निम्मं त्यांच्या घरच्यांचं.

आधी सगळ्यात महत्त्वाचं: रात्री कवळी तोंडाबाहेर

कवळी अॅक्रिलिकची असते. वरून गुळगुळीत दिसली तरी तिच्यात डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांत जंतू आणि कॅन्डिडा नावाची बुरशी घर करते. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे तोंड आपोआप धुतलं जात नाही, आणि कवळीखालची त्वचा रात्रभर झाकलेली, दबलेली राहते. आत्याच्या टाळूवरचा चट्टा त्यातूनच आला होता. मधुमेह असेल, किंवा रक्तदाबाच्या वा इतर काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडत असेल, तर हा त्रास लवकर होतो.

गोष्ट टाळूपुरती थांबत नाही. झोपेत लाळेचा थोडा अंश श्वासनलिकेत उतरतो आणि त्याबरोबर कवळीवरचे जंतूही. जपानमध्ये ८५ वर्षं आणि त्यापुढच्या ५२४ वृद्धांवर तीन वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक दिसला.

हे सगळं आत्याला सांगून झालं. तरी ती कवळी काढेना. शेवटी एका दुपारी म्हणाली, "बिनदाताचं तोंड मी तुझ्या काकांनाही कधी दाखवलं नाही." पुढं काही बोलायला मला सुचलं नाही. नातवंडं हसतील, रात्री कुणी अचानक खोलीत येईल, दार उघडावं लागेल, ही धास्ती खरी असते. दटावून ती जात नाही. आम्ही तिच्या खोलीतल्या बाथरूममध्ये झाकणाचा डबा ठेवला, आतून कडी लावायची सोय केली आणि मुलांना सांगितलं की रात्री दहानंतर आजीच्या खोलीत टकटक केल्याशिवाय जायचं नाही. पंधरा दिवसांत सवय लागली. रात्री काढणं अगदीच अशक्य असेल, तर दिवसा तरी सलग सहा-आठ तास तोंडाला मोकळं सोडा.

काढलेली कवळी साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. कोरडी ठेवली तर तिचा आकार बदलू शकतो आणि बसायला त्रास होतो. पाणी रोज बदलायचं. पेला नको, झाकणाचा डबाच हवा, कारण रात्री तहानेनं उठलेलं माणूस अंधारात पेला उचलतं. आणि कागदात किंवा रुमालात गुंडाळून तर कधीच ठेवू नका. केराच्या डब्यात गेलेल्या बहुतेक कवळ्या अशाच जातात.

कवळी धुण्याची रीत

१. बेसिनमध्ये थोडं पाणी साठवा किंवा खाली जाड टॉवेल पसरा. ओली कवळी हातातून निसटते आणि फरशीवर आपटली की तुटते.

२. प्रत्येक जेवणानंतर काढून नुसत्या पाण्यानं खळाळून घ्या. तीळ, टोमॅटोच्या नाहीतर पेरूच्या बिया कवळीखाली अडकल्या की हिरडीत रुततात.

३. दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, मऊ ब्रशनं सगळीकडून घासा. दातांच्या बाजूपेक्षा आतली, टाळूला आणि हिरडीला टेकणारी बाजू जास्त घासायची. चिकट थर तिथंच बसतो.

४. घासायला साधा हात धुण्याचा साबण किंवा भांड्यांचा पातळ साबण घ्या. टूथपेस्ट नको. तिच्या खरखरीतपणानं अॅक्रिलिकवर चरे पडतात आणि चऱ्यांत बुरशी आणखी पक्की बसते. राख, मीठ, दंतमंजन यांचंही तेच.

५. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा. पाणी थंड किंवा कोमट. उकळतं पाणी ओतलं की जंतू मरतील असं वाटतं, पण कवळी वाकडी होते आणि मग ती कधीच नीट बसत नाही.

औषधाच्या दुकानात कवळीसाठी फसफसणाऱ्या गोळ्या मिळतात. त्या चांगल्या आहेत, मात्र घासण्याऐवजी नव्हे, घासून झाल्यावर वापरायच्या. गोळी पाण्यात टाकायची, पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ कवळी बुडवायची, मग भरपूर पाण्यानं धुवायची. ही गोळी तोंडात टाकायची नसते. स्मरणशक्ती कमी झालेलं माणूस घरात असेल तर पाकीट त्यांच्या हाताला लागू देऊ नका. कपड्यांचं ब्लीच डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वापरू नका. कवळीला धातूची तार किंवा पट्टी असेल तर ब्लीचनं ती खराब होते.

मग तोंड

कवळी लख्ख आणि तोंड तसंच, असं फार घरांत होतं. कवळी काढल्यावर मऊ ब्रशनं, नाहीतर बोटाला ओलं स्वच्छ फडकं गुंडाळून, वरच्या-खालच्या हिरड्या, टाळू, गालांची आतली बाजू आणि जीभ हलक्या हातानं पुसायची. दोन मिनिटं पुरतात. शेवटी चूळ भरायची. हिरड्या चोळल्यानं तिथला रक्तप्रवाहही सुधारतो. मशेरीची सवय असेल तर "हिरड्या घट्ट होतात" ही समजूत मनातून काढा. ती जाळलेली तंबाखू आहे, आणि दात गेल्यानं तोंडाच्या कर्करोगाचा धोका संपत नाही.

पुसताना बघायचंही. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, फोड, ओठांच्या कोपऱ्यांना पडलेल्या चिरा, कवळीच्या कडेला वाढलेलं लोंबतं मांस. ओठांच्या चिरांना लोक जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत बसतात. पुष्कळदा कारण असतं ती बुरशी, नाहीतर झिजलेल्या कवळीमुळे तोंड जास्त मिटणं आणि कोपऱ्यात लाळ साठणं. दोन आठवड्यांत न भरणारा कुठलाही व्रण डॉक्टरांना दाखवायचाच, दुखत नसला तरी. आत्याचा चट्टा दुखत नव्हता. बुरशीचं औषध लागलंच तर तोंडावर उपचार आणि कवळीची सफाई एकाच वेळी व्हावी लागते, नाहीतर कवळीतली बुरशी पुन्हा टाळूवर येते.

कवळी नवीन असेल तर

पहिले काही दिवस तोंडात कुणीतरी पाहुणा येऊन बसल्यासारखं वाटतं. लाळ जास्त सुटते, 'स' आणि 'श' नीट उमटत नाहीत. रोज अर्धा तास मोठ्यानं वाचा, हरिपाठ म्हणा, पेपर वाचा. जीभ शिकते.

खाताना आधी मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी. घास लहान, आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं. एकाच बाजूनं चावलं की दुसरी बाजू उचलली जाते. पुढच्या दातांनी पेरू किंवा कणीस तोडायचं नाही, फोडी करून घ्यायच्या. दाण्यांऐवजी कूट. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे चहा किती गरम आहे हे घशात जाईपर्यंत कळत नाही. जरा निववून प्या.

खालची कवळी नेहमीच जास्त हलते आणि त्यात डॉक्टरांचा दोष असतोच असं नाही. वरची कवळी सगळ्या टाळूला लाळेच्या पातळ थरानं चिकटून राहते. खालच्या बाजूला मध्ये जीभ असते, म्हणून ती नालासारखी, टेकायला जागा थोडी.

हिरडीला टोचत असेल तर पॉलिश पेपरनं घरी घासू नका. डॉक्टरांकडे जा, आणि जाण्याआधी काही तास कवळी घालून ठेवा म्हणजे नेमकं कुठं लागतंय ते त्यांना दिसतं. तुटली तर झटपट चिकटणारा गोंद लावू नका, तुकडे जपून घेऊन जा.

सैल का होते

दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, आणि खालच्या जबड्याचं वरच्यापेक्षा सुमारे चौपट वेगानं. कवळी तेवढीच राहते, तिच्याखालची जमीन खचते. म्हणून दुखत नसलं तरी वर्षातून एकदा दाखवायचं. आतून नवं अस्तर लावून घेता येतं. पाच-सात वर्षांनी बहुधा नवी करावी लागते. चिकटवायची क्रीम तात्पुरती ठीक, तीही वाटाण्याएवढे दोन-तीन ठिपके, आणि पाकिटावर जस्त नसल्याचं बघून. जस्त असलेली क्रीम वर्षानुवर्षं भरमसाट वापरल्यानं नसांवर परिणाम झाल्याची उदाहरणं आहेत.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी

बसतं करून किंवा उशांचा टेकू देऊन, डोकं किंचित पुढं झुकवून तोंड पुसा. फडकं पिळून घ्या, पाणी घशात जायला नको. गुंगीत असताना, फिट येत असतील तेव्हा कवळी तोंडात ठेवू नका. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना कवळी असल्याचं आवर्जून सांगा. रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात राहायचं असेल तर डब्यावर नाव लिहा, आणि कवळी नवी करताना तिच्यातच नाव घालून द्यायला सांगा. ते करून मिळतं.

खर्च झेपत नसेल तर

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. तिथं बाहेरच्या मानानं बरंच कमी पैशांत कवळी होते. फेऱ्या चार-पाच होतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा. केंद्र सरकारच्या २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत साठीपुढच्या गरीब ज्येष्ठांना मोफत दिल्या जाणाऱ्या साधनांमध्ये काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही आहे. त्यासाठी तपासणीची शिबिरं भरतात, तुमच्या भागात कधी आहे याची जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा समाजकल्याण विभागात चौकशी करा. जाताना वयाचा आणि उत्पन्नाचा दाखला, रोजच्या गोळ्यांची यादी आणि जुनी कवळी असेल ती, तुटकी असली तरी, बरोबर घ्या.