पावसाचा डबा

शाळेला पावसाची सुट्टी मिळाली की तासाभरात "आई, कंटाळा आला" सुरू होतं. मोबाइल देण्याआधी सरळ उभ्या कडांचा एक डबा आणि पट्टी देऊन बघा. (निमुळत्या गळ्याची बरणी नको, माप चुकतं.) डबा गच्चीत उघड्यावर ठेवायचा, वाऱ्याने पडू नये म्हणून बाजूला दोन विटा. हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, पोरांनीही तेव्हाच मोजायचा आणि कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचा. पट्टीच्या टोकाला शून्याआधी थोडी मोकळी जागा असते, ती धरायला विसरू नका.

बाकी मध्ये पडू नका. आमच्या लेकाने पहिल्या दिवशी डबा नेमका पागोळीखाली ठेवला आणि "१४० मिमी!" म्हणून घर डोक्यावर घेतलं. पेपरात आकडा बराच कमी होता. मी जीभ चावून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्यानेच डबा हलवला.

तुमच्या पोराला रुची वाटू लागली की सांगा, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता. असे किती डबे एकावर एक ठेवावे लागतील, ते त्यालाच मोजू दे.