फिल्टर आहे, पण गाळत नाही: या चुका टाळा

चवथीला डिचोलीच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधत होतो, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "भावजी, पोरांसाठी तुम्ही वायफायला लावलेला फिल्टर काही कामाचा नाही हं. परवा पोराच्या मोबाईलवर नको ते उघडलं."

राउटर तपासला. चूक माझीच. फिल्टर होता डीएनएसचा. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा; फिल्टरवाली सेवा नको त्या साइटचा पत्ता देतच नाही. पहिल्या डीएनएसच्या जागी क्लाउडफ्लेअरचा कुटुंबांसाठीचा १.१.१.३ घातला होता आणि दुसऱ्या जागी, असू दे म्हणून, गुगलचा ८.८.८.८. पहिला बंद पडला तरच दुसऱ्याला विचारलं जातं, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही, मोबाईल किंवा राउटर दोघांपैकी कुणालाही विचारू शकतो, आणि ८.८.८.८ काहीच अडवत नाही. तिथे त्याच फिल्टरचा दुसरा पत्ता, १.०.०.३ हवा. राउटरवर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर तिथलाही डीएनएस बदला, नाहीतर इंटरनेट कंपनीचाच चालू राहतो. बदल केल्यावर वायफाय एकदा बंद-चालू करा. जुनी उत्तरं मोबाईलमध्ये काही वेळ साठलेली असतात.

एवढं करूनही गळती? मग ब्राउझरमधलं 'सिक्युअर डीएनएस' बघा. ते दुसऱ्या कंपनीवर असेल तर राउटरला विचारतच नाही.

पावसात वीज गेली की वायफाय जातं आणि पोरं मोबाईल डेटावर येतात. तिथे राउटरचा काय संबंध! अँड्रॉइड ९ पासून पुढच्या मोबाईलमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं, फिल्टर तिथेही लावावा लागतो. यूट्यूबचं वेगळंच. डीएनएसला फक्त साइटचं नाव कळतं, आत कुठला व्हिडिओ चाललाय ते नाही. त्यासाठी 'रिस्ट्रिक्टेड मोड' लावा. त्यात कॉमेंटही दिसत नाहीत, जे मला तरी बरंच वाटतं.

शाळांची चूक उलटी असते: शब्द बंद करायचे. 'कॅसिनो' बंद केला की मांडवी नदीवर, जिथे कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात, प्रकल्प करणाऱ्या मुलाला पणजीच्या निम्म्या बातम्या उघडत नाहीत. 'ब्रेस्ट' बंद केला की स्तनांच्या कर्करोगाची माहितीही गेली. शब्दांऐवजी साइटचे प्रकार बंद करा, आणि तपासणी सरांच्या नव्हे, मुलांच्या लॉगिनने करा.

राउटरचा पासवर्ड मात्र मी बघितलाच नव्हता. तो अजून 'ॲडमिन'च आहे, हे पुतण्याने सांगितलं, नेवरी (करंजी) खाता खाता.