पाळीव सापाला जिवंत उंदीर द्यावा की फ्रोझन? नागपूरच्या घरासाठी पायरीपायरीने

उत्तर आधीच सांगून टाकतो. तुमच्याकडे बॉल पायथन असो की कॉर्न स्नेक (दोन्ही विदेशी, बिनविषारी पाळीव साप), त्याला मेलेलाच उंदीर द्या: गोठवून ठेवलेला, नीट वितळवलेला आणि पुन्हा अंगात ऊब आणलेला. जिवंत उंदीर हा शेवटचा उपाय, आणि तोही साप खाऊन होईपर्यंत तुम्ही समोर बसून राहणार असाल तरच. हे का, आणि नागपूरच्या घरात ते कसं जमवायचं, ते पुढे.

आधी साप कायदेशीर आहे का ते बघा

नाग, धामण, अजगर हे आपल्याकडचे साप 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. एकही देशी साप घरी ठेवायचा नाही, पिल्लू सापडलं तरी नाही. अंगणात निघाला तर वनविभागाला किंवा सर्पमित्राला बोलवा.

विदेशी सापांचं वेगळं आहे. बॉल पायथन हा साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो. वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनंतर असा प्राणी ताब्यात असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. घेतानाच विक्रेत्याकडून कागद मागा. कागद नसतील तर साप घेऊ नका.

जिवंत उंदराने काय होतं

‘साप शिकारी आहे, त्याला मारायची मजा मिळाली पाहिजे’ असं बरेच जण मनापासून सांगतात. सापाला अन्न हवं असतं. रानात तर मेलेलं जनावर मिळालं तरी काही साप ते खातात.

रानात उंदराला पळायला जागा असते. काचेच्या पेटीत ती नसते, म्हणून तो उलटतो. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कुरतडून कुरतडून त्यांना छिन्नीसारखी धार येते. पायथनने पकड मानेजवळ न घेता पोटावर घेतली की उंदराचं तोंड मोकळं राहतं, आणि वेटोळं आवळलं जाईपर्यंत तो जे समोर येईल त्याला चावतो. सापाचा डोळा, ओठांवरचे उष्णता टिपणारे खड्डे, जबड्याची कड हेच त्याच्या समोर असतं. वरून जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण आत पू धरतो आणि महिनाभर उपचार चालू राहतात.

त्याहून वाईट म्हणजे सापाला भूक नसताना उंदीर पेटीत सोडून झोपायला जाणं. कात टाकायला आलेला किंवा गारठलेला साप हालचाल करत नाही. उंदराला मात्र भूक लागते. रात्रीतून सापाची पाठ कण्यापर्यंत कुरतडलेली सापडते, आणि असे साप वाचतीलच असं नाही.

उंदराचाही विचार करा. कोपऱ्यात अंग चोरून थरथरणारा पांढरा उंदीर ज्याने एकदा नीट बघितला, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सापाचं पोट भरायला कोणाचा तरी जीव जाणार आहे, हे साप घेतानाच आपण मान्य केलेलं असतं. पण तो जीव घाबरून, ओढाताणीत जावा याची काहीच गरज नाही. आणि मित्रांना जमवून, मोबाइल लावून हा तमाशा करणं तर कायद्यातही बसत नाही: केवळ करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य करणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

उंदीर कुठून आणि केवढा

सापाच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग जेवढा, साधारण तेवढ्याच जाडीचा उंदीर. पिल्लांसाठी दुसरा हिशोब वजनाचा: सापाच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के. कॉर्न स्नेकचं पिल्लू पिंकीवर, म्हणजे केस न आलेल्या उंदराच्या पिल्लावर सुरू होतं. लहान सापाला पाच ते सात दिवसांनी, पूर्ण वाढलेल्याला दहा-चौदा दिवसांनी एकदा द्या. मोठ्या बॉल पायथनला त्याहून उशीर झाला तरी चालतं. कौतुकाने जास्त खाऊ घालून साप लठ्ठ करणारे बरेच आहेत, आणि लठ्ठ साप लवकर आजारी पडतो.

दुकानदाराकडे फ्रोझन उंदीर नसतील तर बाहेरून मागवावे लागतात. ही मागवणी थंडीत करा. डिसेंबर-जानेवारीत चार-पाच महिने पुरतील एवढे एकदम घेऊन ठेवा. नवतप्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना थर्माकोलच्या डब्यातलं पार्सल दोन दिवस फिरून आलं तर आतला माल टिकेल याचा भरवसा धरू नका. पार्सल दारातच उघडा. उंदीर दगडासारखे कडक हवेत. मऊ पडलेले असतील, पिशवीत लालसर पाणी असेल किंवा पोट हिरवट दिसत असेल तर घेऊ नका.

पांढरे उंदीर फक्त जिवंतच मिळत असतील तर ते वेदना न होता मारून देणारा जाणकार पुरवठादार किंवा पशुवैद्य शोधा आणि मग गोठवा. जिवंत उंदीर फ्रीजरमध्ये टाकणं हे हाल आहेत, ते कधीही करू नका.

घरातल्या पिंजऱ्यात सापडलेला किंवा इतवारीतल्या एखाद्या गोदामातून आणलेला उंदीर मेलेला असो की जिवंत, सापाला द्यायचा नाही. आजकालच्या उंदीर मारायच्या औषधाने रक्त गोठणं बंद होतं, आणि ते खाल्लेला उंदीर काही दिवस चांगला हिंडत-फिरत असतो. ते विष सापाच्या पोटात जातं. शिवाय लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार, तुमच्या घरात येऊ शकतो. अंगणातली पाल, बेडूकही नको, त्यांच्यातून परजीवी येतात. चिकनचे तुकडे देऊन भागत नाही, कारण सापाला हाडं, काळीज, कातडी असा आख्खा प्राणी लागतो. आणि दूध तर नाहीच. नागपंचमीला आपल्याकडे श्रद्धेने दूध ठेवतात, नागद्वारच्या यात्रेला माणसं कोसो चालत जातात; ती भक्ती आपल्या जागी, पण दूध हे सापाचं अन्न नव्हे.

फ्रीज

घरात खरी अडचण इथे येते. आई किंवा सासूबाईंना मटारच्या पाकिटाशेजारी उंदीर चालणार नाही, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. गोठवल्याने माइट (अंगावरचे बारीक किडे) आणि बरेच परजीवी मरतात, पण जुलाब-ताप आणणारा साल्मोनेला हा जंतू मरत नाही. अमेरिकेत 2014 साली माणसांमध्ये पसरलेली साल्मोनेलाची एक साथ फ्रोझन उंदरांपर्यंतच जाऊन पोचली होती. शक्य असेल तर जुना छोटा फ्रीज वेगळा घ्या. ते जमत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, आत पिशवी, वर नाव आणि तारीख, आणि तो डबा दुसऱ्या कशालाच वापरायचा नाही. सहा महिन्यांच्या आत संपवा.

उन्हाळ्यात वीज गेली आणि तुम्ही घरी नव्हता, तर आतला माल मधेच वितळून पुन्हा गोठला की काय हे ओळखायची सोपी युक्ती आहे. वाटीभर पाणी गोठवा, बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं, तर सगळे उंदीर फेकून द्या.

खाऊ घालायचा दिवस

आदल्या रात्री उंदीर फ्रीजरमधून काढून बंद डब्यात फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर उघडा ठेवून वितळवू नका. नागपूरच्या मे महिन्यात बाहेरचं मांस वितळून होईपर्यंत खराब व्हायला लागलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, झिपच्या पिशवीत घालून तो साधारण चाळीस अंशांच्या पाण्यात बुडवा, म्हणजे बाळाच्या अंघोळीच्या पाण्यापेक्षा थोडं गरम. लहान उंदराला पंधरा मिनिटं पुरतात, मोठ्याला अर्धा तास लागतो, मधे एकदा पाणी बदला. पोट दाबून बघा. आत कडक गोळा लागला तर अजून वेळ द्या, आतून गार असलेला उंदीर साप ओकून टाकतो. मायक्रोवेव्ह वापरायचा नाही, उकळतं पाणीही नाही: उंदीर फुटतो आणि कुठे शिजतो, कुठे कच्चा राहतो.

मग कागदाने कोरडा करा. बॉल पायथन उष्णता बघून झडप घालतो, म्हणून डोकं शरीरापेक्षा थोडं जास्त गरम हवं. शेवटचं अर्धं मिनिट फक्त तोंडाकडची बाजू गरम पाण्यात धरा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर डोक्यावर 38 अंशांच्या आसपास दिसलं की झालं. कॉर्न स्नेकला उष्णतेचे खड्डे नसतात, तो वासावर येतो. त्याला साधारण कोमट उंदीर पुरतो.

लांब चिमट्याने, निदान फूटभर, उंदराला कमरेजवळ धरा आणि डोकं सापाकडे करून हलकेच हलवा. नाकावर आपटू नका. सापाची जीभ जलद आत-बाहेर व्हायला लागली, मान इंग्रजी एससारखी वळली की हात स्थिर ठेवा. झडप बसली की चिमटा लगेच सोडा, ओढाताण करू नका, खोलीतला दिवा मंद करून दूर व्हा. गिळून झाल्यावर दोन दिवस त्याला हातात घ्यायचं नाही.

हिवाळ्यात, रात्री पारा दहाच्या खाली गेला की पेटीतली गरम बाजू आधी तपासा. बॉल पायथनला तिथे 31 ते 33 अंश लागतात, नाहीतर खाल्लेलं पचत नाही आणि आत सडतं. साप ओकला तर निदान दोन आठवडे थांबा, आणि नंतरचा उंदीर लहान द्या.

जिवंतची सवय असलेला साप

धीर धरावा लागतो. पहिल्यांदा नुकताच मारलेला, अजून ऊब असलेला उंदीर द्या. तो दोन-तीनदा खाल्ला की वितळवलेला. नकार दिला तर त्याच रात्री पुन्हा पुन्हा आग्रह करू नका. उंदीर सापाच्या लपायच्या खोक्याच्या तोंडाशी ठेवून रात्रभर खोली शांत राहू द्या. सकाळी उरला असेल तर फेका, पुन्हा गोठवायचा नाही. पुढच्या खेपेला उंदराचं अंग पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यातल्या जुन्या भुशात घोळवून बघा, वासाने पुष्कळ साप वळतात.

बॉल पायथन, विशेषतः नर, थंडीत आणि विणीच्या काळात महिनोन् महिने खात नाही. घाबरून जिवंत उंदराकडे परतू नका. दर आठवड्याला स्वयंपाकघराबाहेर ठेवलेल्या वेगळ्या काट्यावर त्याचं वजन करा आणि वहीत लिहा. वजन टिकून असेल, अंग घट्ट असेल तर वाट बघा. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, तोंडात फेस दिसला किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला तर लगेच पशुवैद्याकडे जा. सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर मात्र आधीच शोधून ठेवा. विचारपूस सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापासून सुरू करता येईल.

या सगळ्यानंतरही काहीच जमलं नाही, वजन घसरत चाललं आणि डॉक्टरांनीही होकार दिला, तर जिवंत द्या. लहान, डोळे न उघडलेलं पिल्लू निवडा, चिमटा हातात ठेवा, दहा मिनिटांत सापाने पकडलं नाही तर बाहेर काढा.

जेवण झालं की चिमटा, डबा आणि हात साबणाने धुवा. पाण्याचं भांडं बाथरूममध्ये धुवायचं, स्वयंपाकाच्या सिंकमध्ये नाही. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई किंवा आजी-आजोबा घरात असतील, तर त्यांच्या हाती हे काम देऊ नका.