परांची बांधताना आधी बूड, मग भिंत

मी कोल्हापुरात प्लास्टर आणि रंगाच्या कामांना लोखंडी परांची, म्हणजे उंचावर उभं राहून काम करायचा पाईपांचा सांगाडा, बांधून देतो. नवीन पोरगं आलं की त्याला वर चढायची घाई असते. मी त्याला आधी बूड बघायला लावतो, कारण परांची दगा देते ती बुडाला, नाहीतर भिंतीपासून सुटल्यावर.

फुलेवाडीकडं, पंचगंगेच्या अंगाला काळी माती आहे. उन्हाळ्यात कुदळ लागत नाही, आणि वळवाचा एक पाऊस झाला की उभा पाईप आत जातो. म्हणून वरची भुसभुशीत माती काढा, मुरूम टाकून चोपा, त्यावर दोन उभ्या पाईपांखाली जाईल एवढी लांब जाड फळी, फळीवर बेसप्लेट, म्हणजे पाईप टेकायची लोखंडी पट्टी, मग पाईप. विटांचे तुकडे टेकू म्हणून लावू नका. वीट फुटते.

पाईप दीड इंची, न वाकलेला, न सडलेला. उभे पाईप सहा-सात फुटांवर घ्या आणि पहिला थर झाला की ओळंबा लावा. इथं वाकडं राहिलं तर वर सरळ होत नाही. तिरपे पाईप बुडापासून टोकापर्यंत न्या. मधेच सोडलेला तिरपा काही धरत नाही.

आता भिंत. दर १२-१३ फूट उंचीला परांची इमारतीला बांधलीच पाहिजे. खिडकीतून पाईप आत घ्या, आतून आडवा पाईप लावून पाईपाला पाईप जोडायचा क्लॅम्प आवळा. राजारामपुरीतल्या जुन्या घरांत खिडकीचे गज गंजलेले असतात, त्यांना बांधू नका. ड्रेनेजच्या पाईपला तर नाहीच. हिरवी जाळी लावणार असाल तर बांधण्या आणखी जवळ घ्या, जाळीत वारा भरतो. गिलावा करताना गवंडी म्हणतो, "हा पाईप आडवा येतोय, काढा की." शेजारी दुसरी बांधणी झाल्याशिवाय काढायचा नाही, मालक रागावला तरी.

उभं राहायच्या दीड इंची फळीला दर पाच फुटांवर आधार हवा. टोक आधाराच्या पुढं दोन इंच तरी, पण सहा इंचांच्या आत. घमेलं घेऊन बाई जास्त निघालेल्या टोकावर आली की फळी उचलते. कठडा साडेतीन फूट, मधे एक आडवा, खाली सहा इंचांची पट्टी. त्या पट्टीमुळं थापी खालच्याच्या डोक्यात पडत नाही.

बांधकाम कामगार मंडळाच्या पेटीत अंगाला बांधायचा सुरक्षेचा पट्टा मिळतो, तो घरी ठेवू नका. त्याचा हुक कठड्याला नको, डोक्यावरच्या पक्क्या पाईपला अडकवा. विजेची तार जवळ असेल तर महावितरणला कळवून लाईन बंद होईपर्यंत पाईप उचलू नका.

मोठा पाऊस, वारा झाला की, आणि एरवी आठवड्याला, सगळे क्लॅम्प पान्यानं तपासा.

उतरवताना वरून खाली या. ज्या थराची बांधणी, ती त्याच थराबरोबर काढा, आधी नाही. पाईप फेकू नका, दोरीनं सोडा आणि खाली गल्ली अडवून एक माणूस उभा करा.