चालण्याच्या बाबतीत या चुका टाळा : बाळापासून आजोबांपर्यंत

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात घरी जाऊन पेशंट बघते आणि खरं सांगायचं तर त्याच त्याच चुका बघून आता वैताग आलाय. बऱ्याचदा एकाच घरात दोन्ही टोकं दिसतात. हॉलमध्ये दहा महिन्यांचं बाळ, त्याचे दोन्ही हात वर धरून त्याला चालवायची घाई चाललेली, आणि आतल्या खोलीत आजी, जिला चांगलं चालता येतं, तिला मात्र "तुम्ही उठू नका हो, पाणी आम्ही देतो". ज्याला अजून वेळ आहे त्याला ओढायचं आणि जिनं चालायलाच हवं तिला बसवून ठेवायचं, असा सगळा उलटा कारभार.

बाळाचा वॉकर

म्हणजे ते चाकांचं गोल, मधे कापडी सीट, समोरच्या ट्रेवर भोंगे आणि दिवे. पहिल्या वाढदिवसाच्या आधी कुणीतरी हौसेनं आणून देतंच. घरच्यांना वाटतं यानं मूल लवकर चालेल. पण बाळाचं वजन असतं सीटवर, ते नुसतं पायाच्या बोटांनी जमीन ढकलतं, टाच टेकतच नाही, तोल सांभाळायचं काम चाकं करतात आणि ट्रे आड येत असल्यामुळे स्वतःचे पायसुद्धा त्याला दिसत नाहीत. चालायला शिकण्यातला अवघड भाग तोलाचाच आहे आणि नेमका तोच यात होत नाही. कॅनडानं २००४ मध्ये या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, कारण मुलं त्यातून जिन्यावरून खाली जाऊन डोकी फोडून घेत होती. आपल्याकडे अजून आरामात मिळतो, ऑनलाइन तर सेलमध्ये.

एका घरी मी आजींच्या गुडघ्याचे व्यायाम घेत होते. नातू वॉकरमध्ये, आणि आजोबा कौतुकानं "बघा मॅडम, आमचा रेसर" म्हणतायत. टीपॉयवर नुकताच आणलेला चहा, खाली क्रोशाचं कव्हर, त्याचं एक टोक लोंबतंय. मी म्हणायला तोंड उघडेपर्यंत रेसर सुसाट तिथे पोचला आणि टोक ओढलं. बराचसा चहा ट्रेवर सांडला म्हणून निभावलं, थोडा मांडीवर गेला. आई टूथपेस्ट शोधायला धावली, ती थांबवून आधी पाय गार पाण्याच्या नळाखाली धरला, चांगली वीस मिनिटं. (भाजल्यावर टूथपेस्ट ही वेगळी चूक आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.) सगळं शांत झाल्यावर आजोबा काय म्हणाले, तर "मुलं धडपडतच शिकतात". अहो, स्वतःच्या पायावर धडपडली तर शिकतात ना! चाकं लावून दिली तर नुसती आपल्याला पकडता येणार नाहीत इतक्या वेगानं पळतात.

धडपडण्याबद्दल मात्र आजोबांचं बरोबर होतं. अमेरिकेत १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना मोकळेपणी खेळू देऊन मोजलं होतं, २०१२ मध्ये ते छापून आलं. मूल तासाला सरासरी २३६८ पावलं टाकतं आणि १७ वेळा पडतं. तासाला १७! त्यामुळे दोनदा पडलं की उचलून कडेवर घ्यायचं ही पण चूकच.

माझी पद्धत साधी आहे, पुस्तकी काही नाही. वॉकर माळ्यावर टाकायचा. सोफ्याच्या कडेनं खेळणी मांडायची, एक इथे, पुढचं हातभर लांब, म्हणजे बाळ धरून धरून आडवं सरकतं. ते जमलं की सोफा आणि खुर्चीत एका पावलाचं अंतर ठेवायचं. पाय उघडे ठेवायचे, खाली सतरंजी, टीपॉय दुसऱ्या खोलीत. जुना लाकडी पांगुळगाडा घरात असेल तर तो चालेल, कारण त्यात मूल स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं, फक्त माणूस शेजारी पाहिजे.

आणि शेजारच्यांच्या मुलाशी तुलना बंद करा प्लीज. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतली मुलं बघितली, त्यात आपली दिल्लीतलीही होती, आणि आधाराशिवाय चालायला लागायचं वय निघालं साधारण आठ महिन्यांपासून ते साडेसतरा महिन्यांपर्यंत. एवढी मोठी रेंज आहे! काही मुलं तर रांगतच नाहीत, डायरेक्ट उभी राहतात, तरी छान चालतात. दीड वर्ष झालं आणि एकही पाऊल नाही, किंवा एकच बाजू कमी वापरतंय, किंवा येत असलेलं काही बंद झालं, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, तेव्हा मात्र "आमच्याकडे सगळे उशिराच चालतात" म्हणून घरी बसू नका.

पाय वाकडे, तळवे सपाट

दीड-दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात, मग तीन-चार वर्षांचं झालं की गुडघे आत येऊन एकमेकांना लागतात आणि सातपर्यंत बहुतेकांचे आपोआप सरळ होतात. मालिशवाल्या बाई "मी ओढून सरळ केले" म्हणतात, त्यांना क्रेडिट घेऊ द्या, पण जोरात ओढू देऊ नका. फरक एकाच पायात असेल किंवा वाढत चालला असेल तर दाखवा. तीन वर्षांनंतरही मूल सतत चवड्यावर चालत असेल तरी दाखवा.

सपाट तळव्यांचं तर फॅडच झालंय. लहान मुलाचा तळवा सपाटच दिसतो, कमान पाच-सहा वर्षांपर्यंत हळूहळू तयार होते. दोन वर्षांच्या मुलीसाठी महागडे इनसोल घेतलेले आईवडील मला भेटतात, तेव्हा काय बोलावं कळत नाही. आपल्या कर्नाटकातल्या डॉक्टरांनीच २३०० मुलांचे पायाचे ठसे घेऊन १९९२ मध्ये लिहून ठेवलंय की बूट-चप्पल घालणाऱ्यांत सपाट तळवे ८.६ टक्के आणि अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. दुखत नसेल आणि चवड्यावर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल तर मुलांना घरात अनवाणी हुंदडू द्या, सोसायटीत वाळू असेल तर वाळूत सोडा. बाहेर जाताना मऊ, वाकणारा बूट. "वाढत्या पायाचा" म्हणून दोन नंबर मोठा घ्यायचा नाही.

मधल्या वयातले उत्साही

यांच्यावर जास्त लिहीत नाही, कारण ऐकत कुणीच नाही. दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या मेडिकल संशोधनातून आला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं त्याचं नावच तसं होतं. तीन हजारवाल्यानं पाच हजार केले तरी फायदा आहे, एकदम दहा करून टाच धरून बसू नका.

दर वारीच्या वेळी फोन येतात ते वेगळेच. वर्षभर लिफ्ट वापरणारी माणसं ऑफिसच्या ग्रुपबरोबर पुणे-सासवड टप्पा चालतात, दिवेघाटासकट, एका दिवसात तीस किलोमीटरच्या आसपास, तेही त्याच आठवड्यात घेतलेल्या नव्या बुटात. वारकरी मंडळी सत्तरीत झपाझप पुढे जातात आणि हे हडपसर सोडल्या सोडल्या रस्त्याच्या कडेला बसून फोड मोजतात. दोन महिने आधीपासून सुरू करा, दर आठवड्याला थोडं वाढवा, बूट जुनेच घाला. टेकडीवर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा की चढताना दम लागतो पण मांड्या आणि गुडघे दुखतात ते उतरताना, तेव्हा धावत उतरायची हौस आवरा.

"पडतील" म्हणून बसवून ठेवणं

माझी सगळ्यात नावडती चूक. आणि ही प्रेमापोटी होते त्यामुळे समजावणं अजून अवघड.

साठीनंतर चाल मंदावते ती मुख्यतः पाऊल आखूड होतं म्हणून. पोटरीचा मागून रेटा कमी पडतो, दोन्ही पाय एकदम जमिनीवर असायचा वेळ वाढतो. हे वयाचं झालं. पण त्यावर अंथरूण धरलं की जे होतं ते भयंकर आहे. २००७ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात चांगल्या तब्येतीच्या वयस्कर लोकांना फक्त दहा दिवस झोपवून ठेवलं, तर पायांचं जवळजवळ किलोभर मांस गेलं.

सदाशिव पेठेतले एक काका, ऐंशीच्या आसपास, बाथरूममध्ये घसरले. एक्स-रे नॉर्मल, नुसता मुका मार. मुलगा परदेशात, तो घाबरला, तिथून व्हिडिओ कॉलवर ऑर्डरी सोडल्या, कॅमेरा लावला, पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आली, हाताशी बेल आली. पूर्वी रोज सकाळी जिना उतरून पेपर आणि दूध आणणारे काका. दोन महिन्यांनी मला बोलावलं तेव्हा खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी जोर लावून तिसऱ्या प्रयत्नाला कसेबसे उठले, मांड्या हाताला सैल लागत होत्या, आणि उभं राहिल्या राहिल्या भिंत धरली. मुलगा फोनवर म्हणाला, "बघा, म्हणूनच आम्ही चालू देत नाही". काय बोलणार यावर!

मी पहिल्याच दिवशी ती बेल काढून टाकली, काकू जरा रागावल्या. मग उंच खुर्चीवरून हात न लावता उठायचं-बसायचं, आधी उशी ठेवून, नंतर उशीशिवाय. स्वयंपाकघराचा ओटा धरून टाचा वर उचलायच्या. मग पॅसेज, मग जिन्याच्या चार पायऱ्या. बाथरूममध्ये पकडायला दांडा आणि खरखरीत मॅट. काही महिन्यांनी काका पेपर आणायला पुन्हा खाली जायला लागले, दूध अजून काकू आणतात. मुलाला हे कळवलं तर म्हणाला, "पण रिस्क आहे ना". आहेच की, पण खुर्चीतसुद्धा आहे, फक्त ती कॅमेऱ्यात दिसत नाही.

घरी बघायचं असेल तर चार मीटर चालायला लावा, दोन फुटी फरशी असेल तर साडेसहा फरश्या. नेहमीच्या चालीनं पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेग मंद समजतात, डॉक्टरांना सांगा. अजून एक, चालता चालता बोललं की थांबणारी माणसं जास्त पडतात, हे स्वीडनच्या संशोधकांनी १९९७ मध्येच दाखवलंय. तेव्हा आई पॅसेजमधून येत असेल तर लांबून "औषध घेतलंस का" ओरडू नका, पोचू द्या.

रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच. टाच मोकळी राहणाऱ्या सपाता बंद, मागून पट्टा असलेलं काहीतरी घाला.

काठी

दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात! डावा गुडघा दुखतो तर काठी उजव्या हातात आणि ती डाव्या पायाबरोबरच पुढे टाकायची. दहातले सात जण दुखऱ्या बाजूला धरतात असं मला तरी वाटतं, सिनेमातही तसंच दाखवतात. उंची कशी बघायची तर बूट घालून सरळ उभं राहायचं, हात खाली सोडायचे, काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. वडिलांची काठी आठवण म्हणून वापरताय, भावना समजते, पण ते तुमच्यापेक्षा चार इंच उंच होते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. आणि काठीच्या टोकाचं रबर उलटं करून बघा, रेघा झिजून गुळगुळीत झालं असेल तर ओल्या फरशीवर ती काठीच आधी सटकते. सर्जिकलच्या दुकानात नवीन मिळतं, काठी बरोबर घेऊन जा म्हणजे साइज चुकत नाही.