परदेशातल्या १५ ऑगस्टला सोलो गाताय? या चुका टाळा

मंडळाच्या कार्यक्रमात आपलं नाव लागलं की आपण आधी गाणं ठरवतो, मग कराओके ट्रॅक शोधतो. पट्टीचा, म्हणजे किती वरच्या किंवा खालच्या सुरात गायचं याचा, विचार मात्र थेट स्टेजवर होतो. जास्तीत जास्त गाणी फसतात ती इथेच.

‘ऐ मेरे वतन के लोगों’चंच घ्या. २७ जानेवारी १९६३ ला लताबाईंनी ते दिल्लीत गायलं आणि आजही मिळणारे बरेच ट्रॅक त्यांच्याच पट्टीत असतात. सुरुवात संथ, खालच्या सुरात, त्यामुळे वाटतं की जमतंय. अंतऱ्यात सूर चढतो आणि आवाज फाटतो. म्हणून पट्टी मुखड्यावरून ठरवू नका, गाण्यातल्या सगळ्यात वरच्या जागेवरून ठरवा. ती ओळ न ओरडता सलग तीनदा म्हणता आली तर पट्टी बरोबर. नाहीतर ट्रॅक खाली घ्या. कराओकेच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये ती सोय असते. पुरुषांना तर बरंच खाली यावं लागतं, त्यात कमीपणा काहीच नाही.

हे गाणं सहा मिनिटांच्या वर जातं आणि आयोजक चारच देतात. कुठला अंतरा गाळायचा ते घरीच ठरवून ट्रॅक कापून घ्या. तो फोनमध्ये डाउनलोड करा, फोन एअरप्लेन मोडवर ठेवा आणि वायरने जोडा.

आता गहिवराचं. एका वर्षी मी ‘सागरा प्राण तळमळला’ म्हटलं. सावरकरांना हे १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलं. देशाबाहेर राहणाऱ्याला त्यातली मायदेशाची ओढ वेगळी सांगावी लागत नाही. घरी वीसेक वेळा म्हटलं होतं. पण पहिल्या रांगेतल्या एक काकू डोळ्यांना पदर लावताना दिसल्या आणि माझा गळा दाटून आला. मी सुटलेले शब्द गाठायला धावले आणि लयही गेली. असं झालं तर ती ओळ सोडून द्या, ट्रॅक वाजू द्या, श्वास घ्या आणि पुढच्या ओळीला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, या. आणि नजर मागच्या भिंतीवर ठेवा. जी ओळ आपल्याला रडवते ती आपल्याला माहीत असते. रियाजात तीच सगळ्यात जास्त घोटायची.

इथे वाढलेली मुलं गाणार असतील तर ‘ळ’ आधी पक्का करा. रोमनमध्ये लिहून दिलं की ‘तळमळला’चं ‘तलमलला’ होतं.

माइकची जाळी मुठीत धरू नका, शिट्टी वाजते.

शेवटी राष्ट्रगीताची सुरुवात तुम्हीच करणार असाल तर तिथे हरकती, मुरक्या, म्हणजे सुरांची नक्षी, नको. ५२ सेकंदांचं ते गीत सगळ्या हॉलने तुमच्याबरोबर म्हणायचं असतं, म्हणून तुमच्या सोयीची नाही, सगळ्यांना झेपेल अशी पट्टी घ्या. सूर अंदाजाने धरू नका. पेटीवर किंवा तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर ऐकून घ्या, मगच ‘जन’ म्हणा.